सुगंध उसना, तेल घरचे

व्हॅलेंटाइन डेला दुकानातल्या भेटीऐवजी हाताने केलेल्या सुवासिक साबणाची वडी द्यायची हौस आता बरीच रुळली आहे. असा साबण डहाणूच्या नावाने करायचा म्हटले की दोन वास लगेच सुचतात, चिकू आणि मोगरा. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि शेजारच्या जव्हार-विक्रमगडचा मोगरा दादरच्या फूलबाजारात जातो. नावे खपणारी आहेत, पण साबणाच्या कामाला दोन्ही फारशी उपयोगी नाहीत. डहाणू-तलासरीच्या साबणाला खरी ओळख देऊ शकेल असा जिन्नस वासाचा नाहीच, तो आहे मोहाच्या बियांचे तेल.

आधी वासाचे पाहू. साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा यांची रासायनिक क्रिया, आणि हा सोडा भल्याभल्या सुगंधांना पुरून उरतो. मोगऱ्याच्या पाकळ्या मिश्रणात घातल्या तर काळपट पडतात आणि वास मागे उरत नाही. भट्टीवर अर्क काढायला जावे तर हा नाजूक वास उष्णतेत बिघडतो. म्हणून अस्सल मोगऱ्याचा अर्क महाग असतो आणि बाजारातला स्वस्त ‘मोगरा’ बहुतेक वेळा प्रयोगशाळेतला. चिकूची तऱ्हा वेगळी. त्याच्या गराने किंवा भुकटीने साबणाला तपकिरी रंग येतो, साखरेमुळे फेसही वाढतो, पण चिकूचा वास म्हणून जो येतो तो बाटलीतूनच. सुगंधावर नाव कमावलेल्या म्हैसूरच्या चंदन साबणाचे उदाहरण लगेच दिले जाईल. पण त्याच्या मागे 1916 साली सुरू झालेला चंदनतेलाचा कारखाना होता, आणि चंदनाचे तेल मुळात जड, टिकाऊ. डहाणूत असा कारखाना नाही. परसातला गवती चहा किंवा वाळा यांचे तेल मात्र सोड्यापुढे बऱ्यापैकी तग धरते; वास हवाच असेल तर तो तिथून घ्यावा.

तेलाची गोष्ट अगदी उलटी आहे. मोहाची फुले उन्हाळ्याच्या तोंडाशी वेचतात, बिया पावसाळ्याच्या सुरुवातीला. बी फोडून आतला गर वाळवायचा, कुटायचा, वाफवायचा आणि दाबून तेल काढायचे, ही वारली घरांची जुनी रीत. हे तेल जेवणात वापरतात, दुखऱ्या अंगाला चोळतात, थंडीत भेगांना लावतात. थंडीत ते थिजते, आणि साबणवाल्याला नेमके हेच हवे असते, कारण थिजणाऱ्या तेलाची वडी कडक होते आणि पाण्यात लवकर विरघळत नाही. फेस मात्र बेताचा. तो भरून काढायला खोबरेल लागते, आणि डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावर नारळाला तोटा नाही. 600 ग्रॅम मोहतेल आणि 400 ग्रॅम खोबरेल घेतले, तर थोडे तेल मुद्दाम शिल्लक ठेवून 145 ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक सोडा पुरतो. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीही नाही; द्रावण क्षणात उकळत्यासारखे तापते आणि उडाले तर कातडी भाजते. निवलेले द्रावण तेलात ओतून घुसळत राहिले की मिश्रण पातळ पिठल्यासारखे होते, पळीतून पडलेली धार वर उमटून राहते. सुगंधी तेल घालायचे ते या क्षणी, किलोमागे 30 ग्रॅमच्या आत. कारखाने बहुधा वेगळे काढून विकतात ते ग्लिसरीन घरच्या वडीत तसेच राहते.

यावर पहिला आक्षेप असा की मोहतेलालाच उग्र वास असतो, मग प्रेमाची भेट म्हणून ते कोण देणार? जुन्या, ओल धरलेल्या बियांचे तेल उग्र असते हे खरे. कोरड्या, ताज्या बियांचे, नीट गाळलेले तेल पुष्कळ सौम्य असते. दुसरा आक्षेप असा की गिऱ्हाईक नाकाने खरेदी करते. करू द्या की! वाळ्याचा वास घाला, पण वडीवर ‘वाळा आणि मोहतेल’ एवढेच छापा, चिकूचे चित्र नको. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. हे तेल मुळात गरीब घरातले खाणे आहे. साबणासाठी बिया बाहेर जाऊ लागल्या तर कढईतले तेल महागेल. याला पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणता येते की बी कच्चे विकण्यापेक्षा तेल, आणि तेलापेक्षा वडी वेचणारीच्या घरातूनच विकली गेली, तर घरचे किती ठेवायचे हे तिच्या हाती राहील. 1991 च्या केंद्राच्या अधिसूचनेने डहाणू तालुक्यात प्रदूषणकारी कारखान्यांना आडकाठी घातली आहे. चुलीजवळच्या या उद्योगाला धुराड्याची गरजच नाही.

हौशी मंडळींनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. साच्यातून काढलेली वडी चार ते सहा आठवडे हवेशीर जागी सुकवावी लागते, म्हणजे 14 फेब्रुवारीची भेट जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच ओतायला हवी. आणि भेट द्यायला परवाना लागत नसला, तरी विकायला लागतो. साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत मोडतो.