भुकटीचा रंग : औतास कोणता, शिंगांस कोणता ?

पोळा जवळ येऊं लागला म्हणजे खर्ड्यासारख्या बाजाराच्या गांवीं रंगाच्या भुकट्यांस मागणी येते. तांबड्या, पिंवळ्या, हिरव्या रंगाच्या पुड्या शेतकरी घरीं नेतो, तेलांत कालवितो व त्यांनीं बैलांचीं शिंगें रंगवितो. उरलेल्या रंगाचा हात गाडीच्या चाकांवरून, जुवावरून व पाभरीवरूनही फिरतो. वाया कांहीं जाऊं द्यावयाचें नाहीं ही आपली रीत चांगलीच आहे. परंतु रंग निवडतांना आपण त्याचें तेज पाहतों आणि भाव पाहतों. तो कशाचा केलेला आहे हें मात्र क्वचितच विचारतों. हा प्रश्न विचारणें किती अगत्याचें आहे, हें सांगण्याकरितां हा लेख लिहिला आहे.

प्रथम घरचीच गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं पोळ्यासाठीं शेंदूर तेलांत कालविला. शिंगें रंगवून झालीं आणि उरलेल्या रंगाची वाटी गव्हाणीच्या कडेला तशीच राहिली. गोठ्यांत तीन महिन्यांचें एक वासरूं होतें. त्यानें ती वाटी चाटून स्वच्छ केली, हें दुसऱ्या दिवशीं कळलें; पण त्याचें कोणास कांहीं वाटलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं वासरूं दांत खाऊं लागलें, तोंडांतून लाळ गाळूं लागलें आणि भिंतीस डोकें टेंकून उभें राहिलें. डोळे उघडे असूनही त्यास दिसेनासें झालें होतें. गुरांचे डॉक्टर येईपर्यंत उशीर झाला होता. दोष रंग विकणाराचा नव्हता व वासराचाही नव्हता. तो सर्वस्वीं आमचा होता.

शेंदूर म्हणजे शिसें भाजून केलेली भुकटी. शिसें हें गुरांस अत्यंत घातक असून मोठ्या जनावरांपेक्षां वासरांस त्याची बाधा लवकर होते. साठ किलो वजनाच्या वासराच्या पोटांत दोन-अडीच तोळे शेंदूर गेला तर तेवढा त्याचा प्राण घेण्यास पुरतो. शिवाय जवसाच्या तेलांत कालविलेला रंग गुरें आवडीनें चाटतात. दांत खाणें, अंगास झटके येणें, आंधळेपण, गोल गोल फिरणें व भिंतीस डोकें लावणें हीं लक्षणें दिसतांच डॉक्टरांस बोलवावें आणि रंगाची पुडी त्यांस दाखवावी.

शेंदूर एकटाच असा नाहीं. हिंगूळ हा पारा व गंधक यांचा होतो, आणि बाजारांत त्यांत शेंदराची भेसळ होण्याचा संभव असतो. हरताळ सोमलाच्या जातीचा आहे. क्रोम पिंवळा हा शिशाचाच प्रकार असून पुष्कळशा हिरव्या भुकट्या त्यांत निळा रंग मिसळून केलेल्या असतात. सफेता जस्ताचा असेल तर त्यांत शिशाएवढें भय नाहीं. शिशाचा असेल तर तो गोठ्याजवळही आणूं नये. उलट गेरू व हिरमंजी या लोखंडाच्या गंजाच्या जातीच्या तांबड्या माती होत. पिवडी ही त्याच घराण्यांतली पिंवळी माती. काजळी, कोळशाची पूड व खडू हींही तशींच निरुपद्रवी. यांना शेंदराची झळाळी नाहीं हें खरें. पण हीं चाटल्यानें कोणाचें वासरूं मेलें असें होत नाहीं.

घरच्या घरीं ओळखण्याची एक सोपी खूण आहे. एकाच मापट्यानें गेरू व संशयित तांबडी भुकटी मापून दोन हातांवर तोलून पाहावी. शेंदूर व हिंगूळ हे गेरूपेक्षां बरेच जड भरतात. हात धुतल्यावांचून मात्र भाकरीस हात लावूं नये. भुकटी विस्तवावर टाकून पाहण्याचा उपाय कोणी सांगितल्यास तो करूं नये. त्या धुरांतही विष असतें.

आतां लोखंडाकडे वळूं. नांगर, कुळवाची पास, गाडीची धांव यांस गंजापासून राखण्यांत शेंदराची कीर्ति जुनी आहे व ती खोटी नाहीं. तेलांत कालविलेला शेंदूर लोखंडास घट्ट धरतो व गंजास अटकाव करतो. परंतु औत गोठ्याच्या भिंतीशींच उभें असतें आणि गुरें तेंही चाटतात. तेव्हां ज्या गुणासाठीं शेंदूर घ्यावयाचा तो गुण दुसरीकडे मिळत असेल, तर हा धोका कां पत्करावा ? आज रेड ऑक्साइडचा प्रायमर तालुक्याच्या गांवीं सहज मिळतो. तो गेरूच्याच जातीचा आहे. घेतांना डब्यावरील मजकूर वाचावा. 'झिंक फॉस्फेट' असें लिहिलेला पसंत करावा. 'झिंक क्रोमेट' असलेला टाळावा, कारण क्रोमेटही शरीरास घातक आहे.

कारखान्यांतून येणाऱ्या नव्या औतांवर जो चकचकीत लेप असतो, तोही भुकटीचाच रंग होय. पण त्याची तऱ्हा निराळी. ती भुकटी राळेसारख्या पदार्थांत रंग घालून केलेली असते. विजेच्या भारानें ती लोखंडास चिकटवून सुमारें १८० ते २०० अंश सेल्सिअस उष्णतेनें भाजतात. अमेरिकेंतील हौशी मासेमार घरीं ओतलेले शिशाचे गळ तापवून अशाच भुकटींत बुडवितात व मग भट्टींत भाजतात. हा लेप टणक खरा; पण शिंगास तो लावतां येत नाहीं, आणि औतावरील लेपाचा टवका उडाला तर घरीं तो पूर्ववत् होत नाहीं. त्या जागीं खरवडून प्रायमरच लावावा. गळाच्या शिशाचीही एक कथा आहे. इंग्लंडांत मासेमारांचीं लहान वजनें नदींत पडत व हंस तीं खड्यांबरोबर गिळीत. विषबाधेनें हंस मरूं लागले, तेव्हां १९८७ सालीं अशा लहान वजनांची विक्री बंद करण्यांत आली. पाण्यांतल्या पांखरांसाठीं एक देश एवढें करतो, तर आपल्या दावणीच्या जनावरासाठीं आपण एक पुडी बदलूं नये काय ?

रंग कशांत कालवावा हेंही महत्त्वाचें आहे. शेंगदाण्याचें तेल व एरंडेल वाळत नाहीं. रंग चिकट राहून धूळ धरतो. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें. आपल्याकडील करडईचें तेलही वाळणारेंच आहे; तें जवसापेक्षां सावकाश वाळतें, पण पिंवळें कमी पडतें. कच्चें तेल वाळण्यास कित्येक दिवस लागतात, म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशीं नव्हे, तर आठवडाभर आधीं काम करावें. तेलानें भिजलेल्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यांत कधींही टाकूं नये. त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यांत बुडवून ठेवाव्या किंवा एकेक पसरून वाळवाव्या.

औतावरील गंज खरवडून, रॉकेलानें पुसून व पूर्ण वाळवूनच रंग द्यावा. जमिनींत घुसणाऱ्या फाळास रंग देण्यांत अर्थ नाहीं. तो पहिल्या तासांतच निघून जातो. हंगाम संपल्यावर फाळ धुवून त्यास तेल किंवा ग्रीस चोपडावें.

शिंगांविषयीं आणखी एक गोष्ट सांगणें जरूर आहे. शिंग वरून निर्जीव दिसलें तरी आंत जिवंत हाड असून बुडाशीं रक्ताचा पुरवठा असतो. पोळ्यास शिंगें साळतांना फार खोल जाऊं नये व बुडाच्या मऊ भागास रंग लावूं नये. आपल्या देशांतील बैलांस शिंगाचा कर्करोग होतो. वारंवार साळणें, जुवाचें घर्षण व रंगांतील द्रव्यें यांचा त्याशीं संबंध असावा असा संशय पशुवैद्यकांनीं घेतला आहे. तो पूर्णपणें सिद्ध झालेला नाहीं. तरी सावधगिरीस कांहीं खर्च पडत नाहीं.

सरकारनें २०१६ सालीं नियम करून घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाची मर्यादा दहा लक्ष भागांस ९० भाग इतकी ठरविली व ती १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आली. परंतु कागदांत बांधून मिळणाऱ्या सुट्या भुकटीवर कोणताच मजकूर नसतो. तेथें नियम शेतकऱ्याच्या मदतीस येत नाहीं. त्याची स्वतःची चौकशीच येते.

निंबाळकरांच्या किल्ल्यामुळें व १७९५ च्या लढाईमुळें खर्ड्याचें नांव इतिहासांत आहे. आपली रोजची लढाई मात्र कर्ज, पाऊस व जनावरांचे आजार यांच्याशीं आहे. तींत घरच्याच वाटींतून शत्रूस वाट करून देऊं नये. यंदा पोळ्यास गेरू घ्यावा, करडईच्या तेलांत चांगला खलावा आणि काम संपतांच वाटी घासून उंच फळीवर ठेवावी. वर्षभर आपल्यासाठीं राबणाऱ्या बैलाचें शिंग थोडें कमी चमकलें, तरी त्याच्या मानांत काडीचेंही उणें येणार नाहीं.