देशरक्षणाचा कारभार : कोणाकडे काय?



मध्यंतरी भोकरदन तालुक्यातील एक निवृत्त नाईक माझ्याकडे आले होते. मराठा पलटणीत सतरा वर्षे नोकरी झालेली. बगलेत कागदांची पिशवी. निवृत्तिवेतनाच्या आदेशात पत्नीची जन्मतारीख चुकीची पडली होती. ते म्हणाले, "सर, दिल्लीला अर्ज टाकला. सहा महिन्यांनी उत्तर आलं, 'आपला अर्ज संबंधितांकडे पाठविला आहे.' आता हा संबंधित म्हणजे कोण हो? त्याचं काही गाव-शिव आहे की नाही?"

प्रश्न साधा, पण तो थेट राज्यकारभाराच्या मुळाशी जातो. संरक्षण मंत्रालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक मंत्री आणि त्यांच्या हाताखाली सारी फौज, असे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात मंत्र्यांच्या खाली कामाची मोठी वाटणी आहे. ती कशी आहे, का आहे आणि तिचा तुमच्याआमच्याशी संबंध काय, हे आज पाहू.

वाटणीची ही कल्पना आपल्याला परकी नाही. शिवकालातील किल्ला आठवा. किल्ल्यावर हवालदार असे, सरनोबत असे आणि सबनीस असे. एकाकडे किल्ल्याचा ताबा, दुसऱ्याकडे शिबंदी, तिसऱ्याकडे हजेरी व लिखापढी. शिवाय धान्य व सामानसुमान यांची व्यवस्था कारखानीसाकडे. किल्ला कोणा एकाच्या मुठीत राहू नये, एकटा मनुष्य फितूर झाला तरी किल्ला शत्रूच्या हाती जाऊ नये, हा त्यातला हेतू. ज्याच्या हाती तलवार त्याच्याच हाती कोठाराची किल्ली आणि वहीही असू नये, हे शहाणपण आजच्या दिल्लीच्या कारभारातही आहे.

आज संरक्षण मंत्रालयाचे पाच विभाग आहेत.

पहिला संरक्षण विभाग. याचे प्रमुख ते संरक्षण सचिव. केंद्र सरकारचे १९६१ चे कार्यवाटप नियम आहेत. त्यांत भारताच्या आणि त्याच्या प्रत्येक भागाच्या संरक्षणाचे काम या विभागाच्या नावावर लिहिले आहे. संरक्षणाचे धोरण, अंदाजपत्रक, संसदेपुढील काम, छावण्या, तटरक्षक दल, सीमेवरचे रस्ते या गोष्टी त्याच्याकडे. विमाने, तोफा, जहाजे यांची मोठी भांडवली खरेदीही येथूनच होते. कारगिलच्या युद्धानंतर, २००१ साली, या खरेदीसाठी वेगळी शाखा काढण्यात आली.

दुसरा सैन्य व्यवहार विभाग. हा सर्वांत नवा. जानेवारी २०२० मध्ये तो कामाला लागला. याच्या सचिवपदी सनदी अधिकारी नसतो, तर सर्व सेनादलांचे प्रमुख, म्हणजे 'चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ', हेच सचिव असतात. पहिले प्रमुख जनरल बिपिन रावत. भूदल, नौदल व हवाई दल यांचा कारभार आणि भांडवली सोडून इतर खरेदी या विभागाकडे आली. तोपर्यंत सेनादलांच्या नस्त्या सनदी सचिवाच्या मेजावरून जात. आता त्यांतील बऱ्याच सैनिकाच्याच मेजावरून जातात.

तिसरा उत्पादन विभाग. याचा जन्म नोव्हेंबर १९६२ चा. चीनच्या आक्रमणात आपली तयारी किती अपुरी आहे, हे देशाला कळून चुकले तो हा महिना. यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले तेही याच महिन्यात. शस्त्र मागणारा आणि शस्त्र घडविणारा या दोहोंची कामे वेगळी, म्हणून हा विभाग वेगळा. ओझरचा विमान कारखाना, मुंबईची माझगाव गोदी, जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा काडतूस कारखाना ही सारी मंडळी या दाराची. वरणगावसारखे जुने सरकारी दारूगोळा कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. तरी देखरेख याच विभागाची राहिली.

चौथा संशोधन व विकास विभाग. संशोधनाची संघटना १९५८ सालची; तिच्यासाठी स्वतंत्र विभाग झाला १९८० साली. याचा सचिव शास्त्रज्ञ असतो. पुण्याच्या पाषाण येथील प्रयोगशाळेत 'पिनाक' अग्निबाणप्रणाली आकाराला आली, ती या विभागाची कामगिरी.

पाचवा माजी सैनिक कल्याण विभाग, २००४ साली निघालेला. निवृत्तिवेतनाचे धोरण, माजी सैनिकांची आरोग्य योजना, त्यांचे पुनर्वसन हे त्याचे काम.

या पाचांच्या जोडीला वित्त शाखा आहे. तिचा मुख्य अधिकारी संरक्षण सेवांचा वित्तीय सल्लागार. मोठ्या खर्चाच्या प्रस्तावावर त्याचे मत घ्यावे लागते. सैन्याचे हिशेब ठेवणारे खातेही याच बाजूला मोडते. किल्ल्यावरचा सबनीस तो हाच, असे म्हणा ना!

एका तोफेचेच उदाहरण घ्या. तोफ हवी, हे सांगणार सेना. ती खरोखर आवश्यक आहे काय, हे ठरविणार मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील परिषद. आराखडा करणार शास्त्रज्ञ, घडविणार कारखाना, सौदा करणार संरक्षण सचिवांची खरेदी शाखा, पैशाचा विचार सांगणार वित्त शाखा. आणि रक्कम फार मोठी असली तर अखेरचा शब्द मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीचा. वाट लांब आहे खरी. पण लोकांचा पैसा आणि जवानाचा प्राण या दोन्ही गोष्टी कोणा एकाच्या मर्जीवर सोडायच्या नसतील, तर दोन-चार डोळ्यांखालून कागद गेलेला बरा.

आता दुसरी बाजू. वाटणी झाली की बांध पडतात. आणि बांधावरची जागा कोणी नांगरत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. प्रत्येक जण म्हणू शकतो, "हे माझ्याकडे नाही." शांततेच्या काळात त्याने उशीर होतो, युद्धात त्याची किंमत माणसांनी मोजावी लागते. म्हणून वाटणीइतकीच जोडणी महत्त्वाची. मंत्रालयातील निरनिराळ्या विभागांचा मेळ घालण्याची जबाबदारी संरक्षण सचिवांवर टाकली आहे, ती यासाठीच. यशवंतरावांनी मंत्री झाल्यावर तिन्ही दलांचे प्रमुख आणि संरक्षण सचिव यांना सकाळच्या बैठकीत एकत्र बसविण्याचा परिपाठ ठेवला. समोरासमोर बसल्यावर "कागद त्यांच्याकडे आहे" असे म्हणायला फारशी जागा उरत नाही.

आता आपल्या नाइकांकडे वळू. निवृत्तिवेतनाचा त्यांचा कागद एक, पण त्याची दारे तीन. निवृत्तिवेतन कोणाला, कोणत्या नियमाने, हे धोरण माजी सैनिक कल्याण विभागाचे. शिपायाची सेवानोंद त्याच्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयात, ज्याला आपले जवान 'रेकॉर्ड ऑफिस' म्हणतात. मराठा पलटणीचे ते बेळगावला. आणि निवृत्तिवेतनाचा आदेश काढणारे हिशेब कार्यालय प्रयागराजला. पत्नीची जन्मतारीख ही सेवानोंदीतील बाब. तेव्हा दुरुस्तीला सुरुवात बेळगावपासून. तेथे नोंद सुधारली की प्रयागराजहून सुधारित आदेश निघायचा. दिल्लीच्या अर्जाला पाय फुटले नाहीत ते यामुळे.

"मग मी आता बेळगावला जाऊ?" त्यांनी विचारले. तशी गरज नाही. अनेक जिल्ह्यांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते. ते राज्य सरकारचे. पण माजी सैनिकाचा अर्ज कोणत्या दाराला न्यायचा, हे सांगणे त्याचे कामच आहे. आम्ही दोघांनी मिळून अर्ज पुन्हा लिहिला. सेवा क्रमांक, आदेशाचा क्रमांक, चुकीची तारीख, बरोबर तारीख आणि सोबत जोडलेला पुरावा, एवढेच लिहिले. पहिल्या अर्जात चार पाने व्यथा होती आणि सेवा क्रमांक मात्र नव्हता!

एका तारखेसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणाला वाटेल. पण उद्या नाइकांचे काही बरेवाईट झाले, तर कुटुंब निवृत्तिवेतन मागायला त्यांच्या पत्नीला उभे राहावे लागेल. त्या वेळी कागदावरची तारीख आणि तिच्या हातातील पुरावा जुळला नाही, तर त्या माउलीने कोणत्या कचेरीच्या पायऱ्या चढायच्या?

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. नागरिकशास्त्राच्या तासाला फळ्यावर पाच चौकटी काढा, बाजूला सहावी वित्ताची काढा, आणि मुलांना विचारा : गावातल्या जवानाचे बूट, वरणगावचे काडतूस, पाषाणचा अग्निबाण, आजोबांची पेन्शन, हे कोणत्या चौकटीत बसेल? आणि ज्यांच्या घरात फौजेत गेलेला मनुष्य आहे, त्यांनी आज रात्रीच ट्रंक उघडून घरातल्या साऱ्यांची नावे आणि जन्मतारखा कागदोपत्री एकसारख्या आहेत ना, तेवढे पाहून ठेवावे. जवान हयात असताना ही दुरुस्ती त्याच्या एका अर्जाने सुरू होते. नंतर ती फार अवघड जाते.