नव्वद ग्रॅमची पत

बँकेच्या नोकरीत पस्तीस वर्षं मी मुख्यतः एकच काम केलं. समोरच्या माणसावर किती विश्वास टाकायचा, हे ठरवण्याचं. कर्जाचा अर्ज घेऊन येणारा द्राक्ष-बागाईतदार असो की किराणा दुकानदार, त्याची पत तपासायची, तारण बघायचं, जामीनदाराची सही घ्यायची आणि मग शेरा मारायचा. निवृत्तीनंतर मात्र टेबलाची बाजू बदलली. गेली तीन वर्षं माझीच पत तपासली जाते आहे आणि तपासणारा आहे जेमतेम नव्वद ग्रॅम वजनाचा एक पक्षी. त्याच्याकडे तारण चालत नाही, वशिला तर नाहीच नाही.

हा पक्षी म्हणजे कॉकाटील. पक्ष्यांच्या बाजारात त्याला सर्रास ‘कॉकटेल’ म्हणतात. ‘घरी कॉकटेल आलंय’ असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा बँकेतले एक जुने स्नेही त्याच संध्याकाळी तातडीने हजर झाले होते! राखाडी अंग, पिवळा चेहरा, डोक्यावर तुरा आणि दोन्ही गालांवर शेंदराचं बोट टेकवावं तसे गोल ठिपके. भाच्याला नोकरीसाठी परदेशी जावं लागलं आणि पिंजऱ्यासकट हा पाहुणा आमच्या नाशिकच्या घरी आला. त्याचं मूळचं इंग्रजी नाव आमच्या सौभाग्यवतींच्या जिभेवर काही बसेना. दोन दिवसांत त्याचा ‘शेंदऱ्या’ झाला.

या पक्ष्याचं मूळ गाव ऑस्ट्रेलिया. तिथल्या आतल्या कोरड्या मुलखात हे पक्षी थव्यानं राहतात, गवताचं बी टिपतात आणि पाण्याच्या शोधात लांबलांब भटकतात. शास्त्रज्ञ त्यांना काकाकुवाच्या कुळात घालतात. ऑस्ट्रेलियानं १९६० च्या सुमारास आपल्या देशी पक्ष्यांची व्यापारी निर्यात बंद केली. त्यामुळे आज आपल्याकडे दिसतात ते पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेले. (आपला देशी हिरवा राघू पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे, हेही जाता जाता सांगून ठेवतो.) जन्म पिंजऱ्यातला असला तरी अंगातली माळरानाची भीती गेलेली नसते. ससाण्याची झडप वरून येते. म्हणून वरून आलेला हात, तो कितीही मायेचा असो, या पक्ष्याला झडपच वाटतो.

शेंदऱ्या तर हातालाच भ्यालेला होता. भाच्याकडे येणारी-जाणारी मुलं त्याला मुठीत धरून फोटो काढत. त्यामुळे हात दिसला की तो पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसे आणि सापासारखा फुत्कार टाकी.

पहिले पंधरा दिवस मी फक्त शेजारी बसलो. पिंजरा हॉलच्या कोपऱ्यात, दोन बाजूंना भिंत येईल असा, डोळ्यांच्या उंचीवर ठेवला. जवळ खुर्ची टाकली आणि रोज सकाळी तिथं पेपर वाचू लागलो. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, हा नियम. दोन्ही डोळे रोखून बघणारा प्राणी हा शिकारी, असं पक्ष्यांचं साधं गणित असतं. अग्रलेख मात्र मी हळू आवाजात वाचून दाखवत असे. चौदाव्या दिवशी अग्रलेखाच्या मध्यावर त्यानं डोळे अर्धवट मिटले आणि चोच कुरकुर घासायला सुरुवात केली. संपादकांनी राग मानू नये. हे स्वस्थतेचं लक्षण आहे.

या पक्ष्याचं मन डोक्यावर लिहिलेलं असतं. तुरा ताठ उभा म्हणजे दचकलाय किंवा कुतूहल जागं झालंय. तुरा सैल, थोडा मागे कललेला म्हणजे सगळं ठीक. आणि तुरा डोक्याला घट्ट चिकटलेला, वर फुत्कार, म्हणजे ‘जवळ याल तर चावेन.’ ही बाराखडी शिकल्यावर पुढचं सोपं गेलं. राळ्याचं एक कणीस लांबून धरायचं. तो खाऊ लागला की दुसऱ्या दिवशी बोटं दोन इंच पुढे सरकवायची. तुरा बदलला की हात मागे. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. त्याला कंटाळा येण्याआधीच थांबायचं.

या ‘हात मागे’त सगळी मेख आहे. आपण नको म्हटलं की हा माणूस थांबतो, हे त्याला एकदा कळलं की त्याची नको म्हणण्याची गरजच कमी होत जाते. चौथ्या महिन्यात मी बोट त्याच्या पोटापाशी, पायांच्या किंचित वर टेकवलं आणि शेंदऱ्या एक पाय, मग दुसरा पाय टाकत बोटावर चढला. ते चिमुकलं वजन बोटावर आलं तेव्हा मी कितीतरी वेळ पापणीसुद्धा हलवली नाही.

मिळालेली पत सांभाळावी लागते, तीही रोज. तो बाहेर असताना छताचा पंखा बंद. सौभाग्यवतींनी नॉनस्टिक भांडी काढून टाकली, कारण ती फार तापली तर निघणारा वायू पक्ष्याचा जीव घेतो. अंधारात हे पक्षी अचानक घाबरून पिंजऱ्यात धडपडतात, म्हणून रात्रभर मंद दिवा. वीज गेली की मी उठून बॅटरी लावतो आणि हलक्या आवाजात बोलत बसतो.

गेल्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली. मी चार दिवस रुग्णालयात होतो. घरी आलो तेव्हा कळलं, शेंदऱ्या त्या दिवसांत दाण्याला जेमतेम चोच लावत होता. त्या रात्री मला झोप आली नाही. या पक्ष्याला नीट सांभाळलं तर तो पंधरा-वीस वर्षं सहज जगतो. तो आज पाच वर्षांचा आहे आणि मी सदुसष्टचा. हिशेब करायला बँकवाला कशाला हवा? खातं उघडताना वारसाचं नाव लिहून घ्या, असं मी हजारो खातेदारांना सांगितलेलं. पण पैसा सहीनं दुसऱ्याच्या नावावर होतो. विश्वासाला ती सोय नाही. तो ज्यानं त्यानं पुन्हा पहिल्यापासून कमवायचा असतो.

शेजारची सातवीतली मुलगी त्याच्याकडे दारातून बघत असे. तिला विचारलं, तिच्या आईवडिलांनाही विचारलं, मग ती खुर्ची तिला दिली. ती शाळेचा धडा वाचते, मी आतल्या खोलीत बसतो. शेंदऱ्या सुरुवातीला मला हाका मारी. उठून जावंसं फार वाटे, पण गेलो नाही. अडीच महिन्यांनी बाहेरून दबकी हाक आली, “आजोबा, या ना, पण हळू या.” तो तिच्या मनगटावर बसून मान खाली घालून मानेवरची पिसं खाजवून घेत होता. खरं सांगतो, आनंदाबरोबर थोडी पोटदुखीही झाली!

सुट्टी लागली की मुलं पक्षी मागतात आणि आईबाप आणतातही. आणण्याआधी मुलाला एवढंच विचारावं : पंधरा दिवस, हात न लावता, नुसता शेजारी बसशील का? आणि मग स्वतःला विचारावं, पंधरा वर्षांनी याच्या शेजारी कोण बसेल?

आमच्या घरी आता दोन खुर्च्या आहेत. सौभाग्यवतींनी परवा तिसरी मागितली.