रंधा मशीन किती इंची घ्यावे?
घरच्या सुतारशाळेसाठी खरेदीपूर्वीचा हिशेब

सुतारकाम हा इज्जतीचा पेशा आहे. हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतार होते, असे सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आले आहे. मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारापासून तालुक्याच्या गावातील एकट्या गाळ्यापर्यंत लाकडावर हलाल रोजी कमावणारे आपले अनेक कारागीर बांधव आहेत. त्यांतील कित्येकांची सुतारशाळा म्हणजे घराची पडवी किंवा मागची खोली. हाती चार पैसे जमले की हातरंधा बाजूला ठेवून रंधा मशीन घ्यावे असे त्यांना वाटते. यालाच कोणी सरफेस प्लेनर म्हणतात, कोणी जॉइंटर.

येथे पहिलाच प्रश्न येतो, किती इंची? दुकानदार मोठे दाखवतो. दोस्त म्हणतो, "एकदाच घ्यायचे तर मोठेच घे." आमच्या कापडाच्या धंद्यात हाच प्रश्न मागाच्या पन्ह्याचा असतो. रुंद मागावर अरुंद कापड विणता येते, अरुंद मागावर रुंद विणता येत नाही, हे खरे. पण रुंद माग भांडवल जास्त अडकवतो, जागा जास्त खातो आणि सावकाश चालतो. म्हणून शहाणा व्यापारी आधी ऑर्डर पाहतो, मग माग पाहतो. मशीनचेही तसेच आहे.

मशीनचे नेमके काम

रंधा मशीनची दोन कामे आहेत. वाकलेल्या किंवा पीळ पडलेल्या फळीची एक बाजू सपाट करणे, आणि तिची कड त्या बाजूला काटकोनात आणणे. थिकनेस मशीन हे काम करीत नाही. त्याचे रूळ वाकडी फळी दाबून धरतात, वरून ती सारखी रंधली जाते, आणि बाहेर पडताच फळी पुन्हा आपल्या मूळ पिळावर जाते. म्हणून आधी रंधा, मग थिकनेस, हाच क्रम.

ज्यांचे काम मुख्यतः प्लायवूड, लॅमिनेट आणि मॉड्युलर किचनचे आहे, त्यांना या मशीनची गरज फारशी नाही. ८ बाय ४ ची प्लायशीट कारखान्यातून सपाटच येते. अशा बांधवांनी हा पैसा चांगल्या सर्क्युलर सॉला लावावा.

इंच रुंदीचे, पण लांबीही पाहा

६ इंची, ९ इंची, १२ इंची हे माप पात्यांच्या लांबीचे असते. तेवढ्या रुंदीची फळी एका फेरीत निघते. आपल्या बाजारात ६ आणि ८ इंची मशीन बहुधा बाहेरून आलेले असते. देशी ओतीव लोखंडाचे मशीन ९, १२ आणि १८ इंचीत मिळते.

परंतु बहुतेक गिऱ्हाईक रुंदी विचारतात आणि टेबलाची लांबी विचारायची विसरतात. फळी सरळ निघते ती टेबलाच्या आधाराने. ठोकताळा असा की, दोन्ही टेबले मिळून जेवढी लांबी होते तिच्या दुपटीपर्यंतची फळी नीट सरळ करता येते. बाकावर ठेवायच्या छोट्या ६ इंची मशीनचे टेबल साधारण ३० इंचांचे असते. त्यावर ५ फुटांपर्यंतचे काम होते. खुर्चीचे पाय, स्टुले, तिपाया, खिडकीची तावदाने यांना ते पुरते. पण दाराच्या चौकटीचा उभा ७ फूट, म्हणजे ८४ इंच. त्याला कमीत कमी ४२ इंचांचे टेबल हवे, आणि ५ ते ६ फुटांचे असेल तर काम सुखाने होते.

आता रुंदी पाहा. चौकटीचे लाकूड बहुधा ४ बाय अडीच किंवा ५ बाय ३ इंचांचे असते. दाराच्या फ्रेमच्या पट्ट्या ४ ते ५ इंच. म्हणजे चौकटी आणि दारे करणाऱ्याला ६ इंच रुंदी पुरते, त्याला खरी गरज लांब टेबलाची आहे. पलंगाची डोकी, जेवणाच्या टेबलाचे माथे, अखंड सागवानी फळ्या असे काम असेल तरच ९ किंवा १२ इंचांचा विचार करावा. त्यातही रुंद माथा अरुंद फळ्या कडेला कड चिकटवूनच करतात, कारण अखंड रुंद फळी हवामानाने वाकते.

वही काढा

इंच ठरवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे आपली कामाची वही. गेल्या वर्षभरातील कामे काढा. प्रत्येक कामातील सर्वात रुंद आणि सर्वात लांब फळी लिहा. समजा १०० फळ्यांपैकी ९२ फळ्या ६ इंचांच्या आत आहेत आणि ८ त्याहून रुंद. तर त्या ८ फळ्यांसाठी मोठ्या मशीनचे ओझे वर्षभर कशाला वाहायचे? त्या ओळखीच्या कारखान्यातून मजुरी देऊन रंधून आणाव्यात. उलट निम्म्या फळ्या रुंद निघाल्या, तर लहान मशीन घेणे हा खोटा काटकसरीपणा होईल. ज्यांनी वही ठेवलेली नाही त्यांनी सहा महिने ठेवावी आणि मग खरेदीला निघावे.

जागा, वीज आणि शेजारी

७ फुटी उभा रंधायचा तर टेबलाच्या अलीकडे ७ फूट आणि पलीकडे ७ फूट मोकळे हवे. १२ फुटांच्या खोलीत हे बसत नाही. अशा वेळी मशीन दाराच्या किंवा खिडकीच्या रेषेत ठेवतात, म्हणजे लाकडाचे टोक बाहेर जाते. खरेदीपूर्वी खडूने जमिनीवर आखून पाहावे.

६ इंची मशीनला सुमारे १ हॉर्सपॉवर, ८-९ इंचीला दीड ते दोन आणि १२ इंचीला तीनच्या आसपास मोटर लागते. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. दोनपर्यंत सिंगल फेजवर भागते, तीनला थ्री फेज घेणे बरे. घरगुती मीटरवर धंद्याचे मशीन चालवू नये. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे मंजूर कामाखेरीज वेगळा वापर केल्यास दंडाची आकारणी होते, आणि ही बेइमानीही आहे.

मशीनचा आवाज मोठा असतो. इस्लामने शेजाऱ्याचा हक्क मोठा सांगितला आहे. फजरनंतर लगेच किंवा इशानंतर मशीन चालवू नये. भुशाची धूळ गल्लीत न सोडता पोत्यात धरावी. लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ साली नोंदवले आहे. म्हणून नाकावर मास्क हवाच. घरात मुले असतील तर अधिकच जपावे.

जुने मशीन घेताना

जुने ओतीव मशीन पुष्कळदा नव्या हलक्या मशीनपेक्षा चांगले निघते, पण तपासून घ्यावे. लांब सरळ पट्टी दोन्ही टेबलांवर ठेवा आणि त्यांना एका पातळीत आणून खाली उजेड दिसतो का पाहा. आडव्या कुंपणपट्टीला गुण्या लावा. पात्यांचा रूळ हाताने हलवून बेअरिंग ढिले आहे का पाहा, अर्थात वीज तोडून. ओतीव भागाला तडा असेल तर दर कितीही कमी असो, परत फिरावे. आणि पात्यांचा रूळ चौकोनी असेल तर ते मशीन मुळीच घेऊ नये. गोल रुळात बोट गेले तर जखम होते, चौकोनी रूळ बोट आत ओढून घेतो.

हात हेच खरे भांडवल

मशीन कितीही इंची असो, एक फुटाहून आखूड तुकडा त्यावर चालवू नये. फळी पातळ असेल तर ती दाबायला लाकडी ठोकळा वापरावा, उघडा हात पात्यांवरून नेऊ नये. पात्यांवरचे झाकण काढून ठेवू नये. हातमोजे घालू नयेत, कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडाव्यात. एका फेरीत मऊ लाकडाचा दीड मिलिमीटर आणि सागवान-बाभळीचा १ मिलिमीटरहून जास्त थर काढू नये. धार बोथट झाली की माणूस जोर लावतो आणि हात घसरतो, म्हणून पात्यांचा दुसरा संच तयार ठेवावा.

पैसा कोठून आणावा

मोठ्या मशीनची हाव माणसाला व्याजाच्या दारात नेते. रोखीने ६ इंची येत असेल आणि व्याजाने १२ इंची, तर ६ इंचीच घ्यावे. त्याच्या कमाईतून पुढचे घेता येईल, इन्शाअल्लाह. दोन-तीन कारागिरांनी भागीत १२ इंची घेऊन एका गाळ्यात ठेवणे हाही रास्ता आहे. मात्र कोणाचे किती पैसे, दुरुस्ती कोणी करायची, कोणी बाहेर पडला तर काय, हे सर्व साक्षीदारांसमोर लिहून ठेवावे. उधारीचा व्यवहार लिहिण्याचा हुकूम कुरआनने (सूरह बकरा, आयत २८२) दिला आहे. दोस्तीच्या भरवशावर सोडलेली भागी दोस्तीही घालवते.

केंद्र सरकारची १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना सुतारांनाही लागू आहे. तिला धर्म-जातीची अट नाही, मात्र एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. तिच्यातील कर्ज ५ टक्के व्याजाचे आहे, ते ज्याने त्याने आपल्या ईमानाला विचारून ठरवावे. परंतु हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर ही मदत आहे, कर्ज नव्हे. तिच्यातून हातहत्यारे आली तर खिशातील तेवढी रोकड मशीनसाठी वाचते. आपले कारागीर केवळ अर्ज न केल्यामुळे अशा हक्काला मुकतात. मोहल्ल्यातील शिकलेल्या तरुणांनी त्यांना नोंदणीत मदत करावी.

सारांश, आधी वही, मग टेबलाची लांबी, मग इंच आणि शेवटी दर. या क्रमाने गेलेला कारागीर दुकानदाराच्या बोलण्यात येणार नाही. मशीन लहान असले तरी ते कर्जाविना आपले असेल, आणि दहाही बोटे शाबूत असतील, तर त्या रोजीत बरकत आहे.