नवरात्रीचे नऊ रंग आणि वॉर्डातली ड्यूटी

घटस्थापना जवळ आली की रंगांची यादी मोबाइलवर फिरू लागते. हिंजवडीच्या आयटी कंपन्या, बँका, शाळा, सरकारी कचेऱ्या यांच्याबरोबर पिंपरी-चिंचवडची हॉस्पिटलंही त्या रंगांत रंगतात. रिसेप्शनपासून लॅबपर्यंत एका दिवशी सगळं पिवळं, दुसऱ्या दिवशी हिरवं, आणि दुपारी ग्रुप फोटो. पुढे नाताळात सांताची टोपी येते, पाडव्याला फेटा येतो, ओणमला केरळच्या सिस्टर सोनेरी काठाची साडी काढतात. यावर वाद झाला की कुणी म्हणतं, बारा-बारा तास राबणाऱ्या माणसांचा एवढासा आनंदही तुम्हाला बघवत नाही का? कुणी म्हणतं, हॉस्पिटल आहे की गरब्याचा मंडप? दोन्ही बाजूंच्या बोलण्यात ऐकीव समजुती बऱ्याच आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: रंगाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती कोपराखालच्या बांगड्यांना, खाटेवर लोळणाऱ्या पदराला आणि पेशंटला सिस्टर ओळखू न येण्याला.

“देवीचे रंग आहेत, नाही कसं म्हणणार?”

या नऊ रंगांना कोणत्याही धर्मग्रंथाचा आधार नाही. ही प्रथा महाराष्ट्रात रूढ झाली ती एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, ‘महाराष्ट्र टाइम्स’च्या उपक्रमातून. पंचांगकर्ते दा. कृ. सोमण यांनीही अनेकदा सांगितलं आहे की या रंगांना धार्मिक अर्थ नाही. रंग ठरतो वारावरून: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा. म्हणून तर दरवर्षी क्रम बदलतो. प्रथा नवी आहे म्हणून ती वाईट ठरत नाही. हजारो बायकांनी ती मनापासून उचलली आहे. पण एखाद्या मेट्रनने “आयसीयूत युनिफॉर्मच हवा” असं सांगितलं तर त्यात देवीचा अवमान होत नाही, एवढं तरी यातून स्पष्ट व्हावं.

“रंगीत कपड्यांनी जंतू पसरतात, युनिफॉर्म स्वच्छ असतो”

हा गैरसमज विरोध करणाऱ्यांचा. जंतूंना रंग कळत नाही. ड्यूटी अर्धी झाली की पांढऱ्या कोटावरही जंतू सापडतात. कापडावर ते किती टिकतात याची प्रयोगशाळेत तपासणी झाली आहे: स्टॅफिलोकोकस आणि एंटेरोकोकस हे जंतू सुती आणि पॉलिएस्टर अशा दोन्ही कापडांवर किमान एक दिवस, काही वेळा कितीतरी आठवडे जिवंत राहिले. मात्र कपड्यावरून ते पेशंटपर्यंत नेमके किती पोचतात, याचा पुरावा तुटपुंजा आहे. अमेरिकेतल्या रुग्णालय-साथरोग तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये या विषयावर मार्गदर्शन प्रसिद्ध केलं तेव्हा हे मोकळेपणाने मान्य केलं होतं.

खरा वाहक म्हणजे हात. व्हिएन्नातल्या प्रसूतिगृहात सेमेलवाइसने १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले, ही गोष्ट प्रत्येक नर्सिंग कॉलेजात शिकवली जाते. सणाच्या पेहरावाचा धोका तिथेच आहे. मनगटभर बांगड्या असल्या की हात मनगटापर्यंत नीट धुतला जात नाही. अंगठीखालच्या त्वचेवर जंतू जास्त साठतात. लांब बाही ड्रेसिंगला लागते, तीच पुढच्या खाटेला लागते. इंग्लंडने जानेवारी २००८ पासून कोपराखाली काहीही नको, असा नियम रुग्णालयांत आणला. आपल्याकडेही २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने आयसीयू आणि ऑपरेशन थिएटरसारख्या विभागांत कोपराखाली दागिने नकोत, अशी सूचना केंद्राच्या रुग्णालयांना दिली. कृत्रिम नखं लावून पेशंटला हात लावू नये, नैसर्गिक नखांची टोकंही अर्ध्या सेंटिमीटरच्या आत ठेवावीत, हे जागतिक आरोग्य संघटना २००९ पासून सांगते आहे. गरब्यासाठी लावलेली नखं दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर येतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

धुण्याचा प्रश्नही मोठा. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा मिनिटं धुतलं की बहुतेक जंतू जातात, असं ब्रिटिश आरोग्यसेवेचं मार्गदर्शन सांगतं. युनिफॉर्म हे सहज सोसतो. पैठणी किंवा जरीची ओढणी ६० अंशांत कोण घालेल? ती ड्यूटीवरून घरी येते, घडी होते आणि कपाटात जाते, तेही घरच्या बाकी कपड्यांवर.

कामाच्या जागी कपडा सुरक्षित हवा, हे चाकणच्या कारखान्यांतल्या माणसाला तर समजावून सांगायलाच नको. चालत्या यंत्राजवळ तपासणी किंवा वंगणाचं काम करणाऱ्याचे कपडे घट्ट बसणारे असावेत आणि ते मालकानेच पुरवावेत, असं १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २२ व्या कलमात लिहिलं होतं. खंडेनवमीला प्रेस मशीनला झेंडूचा हार घातला जातो, पूजा होते, पण मशीन सुरू करण्याआधी हार काढतात आणि ऑपरेटर युनिफॉर्ममध्येच उभा राहतो. शॉप फ्लोअरवर सण आणि सुरक्षितता दोन्ही सांभाळली जातात. त्याच माणसाचं बोट कापलं आणि तो कॅज्युअल्टीत आला, तर तिथेही त्याने हीच अपेक्षा ठेवावी.

“पेशंटला काय फरक पडतो?”

माझ्या मते सगळ्यात कमी बोललं जातं ते यावर, आणि बोलायला हवं ते यावरच. वायसीएम, चिंचवडच्या मोहननगरमधलं ईएसआयसी हॉस्पिटल किंवा चाकणमधली खासगी हॉस्पिटलं, इथे येणाऱ्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंडमधून आलेले कंत्राटी कामगार खूप आहेत. अनेकांना मराठी बोर्ड वाचता येत नाही. सलाइन संपली तर कुणाला हाक मारायची, हे त्यांना कळतं ते युनिफॉर्मवरून. आता गुरुवारचा वॉर्ड डोळ्यांसमोर आणा. सिस्टर पिवळ्यात, मावशी पिवळ्यात, बिलिंगची मुलगी पिवळ्यात आणि शेजारच्या खाटेवरच्या आजींना डबा घेऊन आलेली सूनही पिवळ्यातच. युनिफॉर्मने नर्स आणि नातेवाईक वेगळे दिसतात. त्या दिवशी तो फरकच राहत नाही. कपडे बदलले की नावाचा बिल्लाही घरी राहतो.

पेशंटला कपड्यांचं काही नसतं, हेही खरं नाही. अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांत ४०६२ पेशंटना विचारलं तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी डॉक्टरांचा पेहराव आपल्याला महत्त्वाचा वाटतो, असं सांगितलं. शिवाय एका वॉर्डात पेढे वाटले जात असतात तेव्हा पलीकडच्या आयसीयूत कुणाचा तरी बाप गेलेला असतो. ती बातमी सांगायला येणाऱ्याच्या डोक्यावर फेटा किंवा सांताची टोपी असू नये. यासाठी कोणत्याही अभ्यासाची गरज नाही.

“लहान मुलांना तरी वेशभूषा आवडतेच”

सरसकट नाही. इंग्लंडमध्ये शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ४ ते १६ वयाच्या अडीचशेहून अधिक मुलांना हॉस्पिटलच्या सजावटीबद्दल विचारलं, तर विदूषकाची चित्रं मुलांना नकोशी वाटली, मोठ्या मुलांनाही. दुसरीकडे, २०२० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २४ अभ्यासांतल्या १६१२ मुलांचा आढावा छापला, त्यात प्रशिक्षित वैद्यकीय विदूषकांमुळे मुलांची धास्ती कमी झाल्याचं दिसलं. प्रशिक्षित विदूषक दारात थांबतो, मुलाचा चेहरा वाचतो, मूल रडलं तर मागे फिरतो. मुखवटा चढवून सुई घेऊन आलेल्या सिस्टरला ती मोकळीक नसते.

“एका दिवसाने काय होतं?”

२५ डिसेंबर २०२० रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमधल्या एका हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात एक कर्मचारी हवेने फुगणारा ख्रिसमस ट्रीचा पोशाख घालून आला. हेतू सगळ्यांना हसवण्याचा होता. पुढच्या काही दिवसांत त्या विभागातले किमान ४४ कर्मचारी कोरोनाबाधित झाले आणि एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला. पोशाखातल्या पंख्याने विषाणू पसरला का, हे तपासलं गेलं आणि असे पोशाख तिथे बंद झाले. साथीचा तो काळ वेगळा होता, पण चांगला हेतू सुरक्षिततेची हमी देत नाही, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

“ज्याला नको त्याने घालू नये”

कागदावर ठीक. प्रत्यक्षात फोटोत जो वेगळ्या रंगात दिसतो त्याला चार प्रश्न विचारले जातात. कंत्राटावरच्या मावशींना नऊ रंगांच्या नऊ साड्या परवडत नाहीत. कुणाच्या घरी सुतक असतं, कुणाचा धर्म वेगळा असतो, कुणाला नुसतं आवडत नाही. सण ऐच्छिक ठेवायचा असेल तर तो वरिष्ठांच्या ग्रुपवरून जाहीर होऊ नये.

मग सण नकोच का? हवाच. तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते तेव्हा वाटेवर वारकऱ्यांच्या पायाला मलमपट्टी करणाऱ्या डॉक्टरांच्या कपाळी बुक्का आणि डोक्यावर पांढरी टोपी असते, आणि ती तिथे शोभते. रिसेप्शन, प्रशासन, कँटीन यांनी खुशाल रंग पाळावेत. वॉर्डात कोपराखाली काही नको; रंग हवा तर त्या दिवसाच्या रंगाची धुता येणारी सुती टोपी किंवा नावाच्या बिल्ल्यावर रंगीत पट्टी पुरे. आयसीयू, ऑपरेशन थिएटर, लेबर रूम आणि कॅज्युअल्टी यांत मात्र रोजचाच युनिफॉर्म. साडी नेसून फोटो काढायचा तर ड्यूटी संपल्यावर, वॉर्डाबाहेर.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणमधल्या मेट्रन आणि वैद्यकीय अधीक्षकांना माझी विनंती आहे: यंदा रंगांची यादी ग्रुपवर येण्याआधी हे चार नियम लिहून नोटीस बोर्डावर लावा. आणि त्या नोटिशीखाली डॉक्टरांच्याही सह्या घ्या, कारण कोपराखालचा नियम घड्याळ आणि मनगटावरचा लाल धागा मिरवणाऱ्या सर्जनलाही तितकाच लागू आहे.