नुसत्या पाण्याने हात ओले होतात, धुतले जात नाहीत

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात कपाशी-सोयाबीनवर फवारणी सुरू झाली की दुपारच्या जेवणाची रीत ठरलेली असते. पंप धुऱ्यावर ठेवायचा, बाटलीतले पाणी हातांवर ओतायचे, हात कपड्याला पुसायचे आणि डबा उघडायचा. चिखल निघून गेलेला असतो, म्हणून हात स्वच्छ झाले असे वाटते. पहिला गैरसमज हाच. रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि फवाऱ्याचा सुकलेला अंशही बहुधा दिसत नाही, त्यामुळे हात धुतले की नाही याचा निवाडा नजरेवर सोडता येत नाही. ही सवय एकट्या महागावची नाही. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात, जेवणापूर्वी घरातील बहुतेक माणसे साबणाने हात धुतात असे सांगणारी कुटुंबे देशात सुमारे ३६ टक्के निघाली. ग्रामीण भागात तर साधारण चारातले एकच.

साबणाने असे काय होते? हातावरच्या तेलकट थराला जंतू आणि घाण चिकटून बसतात. नुसते पाणी त्या थरावरून ओघळून जाते. साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. चोळल्याने थर सुटतो आणि पाण्याबरोबर जंतू वाहून जातात. म्हणून साबणाइतकेच चोळण्याला महत्त्व आहे. बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांखालची जागा आणि हातांची मागची बाजू किमान वीस सेकंद चोळली पाहिजे. त्यासाठी महागडा ‘जंतुनाशक’ साबणच हवा, हा दुसरा गैरसमज. कराचीच्या गरीब वस्त्यांत झालेला एक अभ्यास २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. साबण देऊन हात धुण्याची सवय लावलेल्या घरांत पंधरा वर्षांखालील मुलांची हगवण ५३ टक्क्यांनी आणि पाच वर्षांखालील मुलांचा न्यूमोनिया ५० टक्क्यांनी कमी आढळला. साध्या आणि जंतुनाशक साबणाच्या परिणामात फरक पडला नाही.

तिसरा गैरसमज कोरोनाकाळाने रुजवला: सॅनिटायझर असला की साबण नको. दवाखान्यात, प्रवासात तो उपयोगी आहेच. पण मळक्या हातांवर त्याचा प्रभाव घटतो आणि कीटकनाशक तो काढून टाकत नाही. यवतमाळ जिल्ह्याला ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. २०१७ च्या खरिपात इथे फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जणांचा जीव गेला आणि शेकडो जणांना रुग्णालयात जावे लागले. अनेक कीटकनाशके त्वचेतून शरीरात शिरतात. त्याच हातांनी भाकर खाल्ली किंवा खर्रा तोंडात टाकला की पोटातूनही जातात. साबण हातमोज्यांची जागा घेऊ शकत नाही आणि आत भिनलेले विष काढू शकत नाही, मात्र हातावर उरलेले तोंडापर्यंत जाण्याआधी बरेचसे काढू शकतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो: बापजादे असेच जेवले, त्यांना काय झाले? झाले, पण हातांशी त्याचा संबंध कुणी जोडला नाही. टायफॉइडची लक्षणे दिसायला अनेकदा आठवडा-दोन आठवडे लागतात, जंताचा त्रास तर त्याहून उशिरा कळतो. तोवर तो घास कोण लक्षात ठेवणार? पावसाळ्यातली हगवण ‘व्हायचीच’ म्हणून सोडून दिली जाते. अशाने प्रतिकारशक्ती वाढते, हेही म्हणणे टिकत नाही. मुलांना लस आणि सकस आहार हवा. त्यासाठी विष्ठेतले जंतू पोटात जाण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप रास्त आहे: उन्हाळ्यात प्यायलाच पाणी पुरत नाही, हात कशाने धुवायचे? पण चोळताना पाणी लागत नाही. आधी हात भिजवायचे, मग साबण लावून चोळायचे आणि शेवटी धार सोडायची. झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीची बारीक धारही पुरते. कपड्यांच्या साबणाचा तुकडाही चालतो. मातीने मात्र हात धुऊ नयेत, तिच्यात जंतांची अंडी असू शकतात. अडचण पाण्यापेक्षा साबणाच्या जागेची आहे. तो न्हाणीत असतो, शौचालयापाशी, चुलीजवळ किंवा वावरात नसतो. फवारणीच्या सामानात औषधाच्या डब्याइतकाच साबण ठरलेला असावा, अंगणवाडीच्या आणि शाळेच्या नळापाशी तो रोज असावा. हाताशी साबण नसताना सवयीचा उपदेश करणे व्यर्थ आहे.