बिनपगारी राखणदार

बँकेच्या नोकरीतली माझी बरीच वर्षे पेण आणि रोहा या दोन गावांत गेली. पैसे तिजोरीत असतात, पण बँक चालते ती पत्रव्यवहारावर, हे मी तिथे शिकलो. ‘आपले पत्र मिळाले, चौकशी करून कळवितो’ एवढी ओळ वेळेवर गेली, की निम्मे तंटे तिथेच मिटत.

आज पेणच्या मूर्तिशाळेत गणपतीचे पैसे मोबाइलवर जमा होतात. त्यांतले बहुतेक फोन अँड्रॉइडचे, आणि अँड्रॉइडच्या बुडाशी आहे लिनक्स. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेले हे काम कोणालाही फुकट वापरता येते, सुधारताही येते. अशा मुक्त प्रणालींचे कित्येक लहान भाग एखादाच माणूस, नोकरीधंदा सांभाळून, रात्री जागून राखीत असतो. गावच्या वाचनालयाच्या बिनपगारी चिटणिसासारखा. त्याच्या वाट्यालाही तेच येते: आभार क्वचित, तक्रारी रोज.

फिनलंडचा लासे कॉलिन ‘एक्सझेड’ हे फायली दाबून लहान करणारे साधन वर्षानुवर्षे विनामोबदला सांभाळीत होता. २०२२ साली काही नावांनी त्याला जाहीर पत्रांतून टोचायला सुरुवात केली: काम रेंगाळले आहे, दुसऱ्याच्या हाती द्या. मनःस्वास्थ्य ठीक नाही आणि हे छंदाचे काम आहे, असे त्याने शांतपणे कळविले. टोचणी थांबली नाही. मदतीला जिया तान नावाचा गोडबोल्या गृहस्थ तेवढा तत्पर होता. हळूहळू अधिकार त्याच्याकडे गेले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्या साधनात चोरदरवाजा बसला. मार्चअखेर आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला यंत्रात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले, त्याने माग काढला, म्हणून अनर्थ टळला. टोचणारे आणि मदतनीस एकाच कटातले असावेत, असा जाणकारांचा कयास आहे.

आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत, दोघा अधिकाऱ्यांकडे. इथे किल्ली एक, तीही थकलेल्या हातात.

कोणी म्हणेल, वाईट कामाला वाईट म्हणायचे नाही काय? जरूर म्हणावे. आमचे तपासनीस खातेवहीवर कडक शेरे मारीत; कारकुनाचे कूळ काढीत नसत. तिखट पत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या टॉरवल्ड्स यांनीही २०१८ च्या सप्टेंबरात जाहीर माफी मागून काही दिवस रजा घेतली.

पण शिष्टाचार म्हणजे गोड बोलणे नव्हे. या हकिगतीत सर्वांत गोड बोलणाराच चोर निघाला! शिष्टाचार म्हणजे तक्रार पुरती लिहिणे: काय केले, काय झाले, कोणत्या आवृत्तीत. फुकट काम करणाऱ्याला मुदत न घालणे. आणि राखणदारानेही ‘जमणार नाही’ हे वेळीच, स्पष्ट सांगणे.

रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. कोणाची जबाबदारी कुठवर, हे ठरलेले असल्याने गाडी अडत नाही. मुक्त प्रणालीतही काम सोपवायचे ते असेच, चारचौघांत आणि दोन किल्ल्यांनी. तोवर त्या अनोळखी राखणदाराला लिहिताना पहिली ओळ आभाराची असावी. तिला पैसे पडत नाहीत.